दिरहम घरी पाठवताना: फीचा बोर्ड बघू नका, पावती वाचा

माझा भाचा मार्चमध्ये शारजात आला. डक्टिंगच्या (एसीची हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळांच्या) कंपनीत हेल्पर, रूम कंपनीची, ओव्हरटाइम धरून पगार दोन हजार दिरहमच्या (इथल्या चलनाच्या) आसपास. पहिला पूर्ण पगार झाल्यावर त्याने महिनाभरात तीनदा पैसे पाठवले. पाचशे आईला. पाचशे ज्याच्याकडून व्हिसासाठी हातउसने घेतले होते त्याला. आणि पाऊस तोंडावर आला, पत्रे बदलायचेत असा फोन आला म्हणून पुन्हा पाचशे आईला. शारजातल्या रोला भागात चहा पिताना मला सांगत होता, "मामा, फी काही फार नाही. एकवीस दिरहम फक्त."

मी म्हटलं, पावत्या दाखव. दोन हरवल्या होत्या, तिसरी पॅंटच्या खिशात धुऊन निघालेली. तेव्हा हे सगळं त्याच्यासाठी लिहून काढायचं ठरवलं, आणि गावाकडून येणाऱ्या बाकीच्या पोरांनाही उपयोग होईल म्हणून इथे टाकतोय. मी २००६ पासून इथे एसीची कामं करतो. पाठवलेल्या प्रत्येक रकमेची नोंद वहीत आहे. सध्या तिसरी वही चालू आहे.

आधी हे डोक्यात पक्कं करा की पैसे पाठवण्याचा खर्च दोन ठिकाणी असतो. एक दिसतो, एक दिसत नाही. दिसतो तो फीचा. माझ्या नेहमीच्या एक्स्चेंजमध्ये (पैसे पाठवायच्या दुकानात) २० दिरहम, त्यावर ५ टक्के व्हॅट म्हणजे १ दिरहम, एकूण २१. (व्हॅट इथे १ जानेवारी २०१८ पासून लागला. त्याआधी हा एक दिरहमही नव्हता.) न दिसणारा खर्च भावात असतो. बाजारात दिरहम २३ रुपयांना असेल तर काउंटरवर तुम्हाला २२.८५ मिळतात, कुठे २२.६०. मधले पैसे दुकानाचे. ते पावतीवर कुठेही 'खर्च' म्हणून छापलेले नसतात.

खरा बाजारभाव किती, हे कसं कळणार? दिरहम डॉलरला बांधलेला आहे. १९९७ पासून १ डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम, त्यात बदल नाही. म्हणून मोबाईलवर डॉलरचा रुपयातला भाव बघायचा आणि ३.६७२५ ने भागायचं. डॉलर ८४ रुपये ४७ पैसे असेल तर दिरहम बरोबर २३ रुपये. हा भाव तुम्हाला-मला कोणी देत नाही, तो बँका-बँकांमधला. पण मोजपट्टी म्हणून तोच धरायचा. रुपया पडला, चढला असं टीव्हीवर सांगतात ते डॉलरच्या हिशोबात. आपला दिरहम डॉलरच्या मागे मागे जातो, त्याला स्वतःचं वेगळं डोकं नाही.

आता भाच्याचा हिशोब करू. भाव समजायला सोपे जावेत म्हणून मी गोल धरतोय, तुम्ही त्या दिवशीचे घाला.

पाचशे दिरहम, भाव २२.८५. घरी पडले ११,४२५ रुपये. खिशातून गेले ५२१ दिरहम. भागाकार करा: एका दिरहमला २१.९३ रुपये. म्हणजे बोर्डावर २२.८५ दिसत होते, हाती आले २१.९३. बाजारभावाशी तुलना केली तर शंभरातले साडेचारच्या वर गेले.

तेच दीड हजार एकदम पाठवले असते तर? ३४,२७५ रुपये, खिशातून १,५२१. भागाकार २२.५३. आणि तीन हजार पाठवले तर २२.६९. भाव तोच, फी तीच, फक्त रकमेमुळे फरक. भाच्याने तीन खेपा केल्या म्हणून ४२ दिरहम जास्तीचे गेले, साधारण ९६० रुपये. वर्षभर असंच केलं तर ५०४ दिरहम, साडेअकरा हजार रुपये. पत्र्यांचे थोडेफार पैसे त्यातच निघाले असते.

हा भागाकार म्हणजे घरी पडलेले रुपये भागिले खिशातून गेलेले एकूण दिरहम. मी वहीत शेवटच्या रकान्यात हाच आकडा लिहितो. बाकी सगळं, म्हणजे बोर्ड, ऑफर, बक्षिसाची गाडी, बघायचं नाही.

काउंटरवर प्रश्नही असाच विचारायचा. "रेट काय?" असं विचारलं की तो रेट सांगतो, "फी किती?" विचारलं की फी सांगतो, आणि दोन्ही वेळा खरंच बोलतो. आपण विचारायचं, "टोटल इतना दूंगा, सब काट के अकाउंट में कितना गिरेगा?" काउंटरवरचा मुलगा बहुतेक मल्याळी असतो, हिंदी चांगलं येतं, तो आकडा टाकून सांगतो. तो आकडा मोबाईलवर लिहून घ्या आणि शेजारच्या दुकानात जा. रोल्यात पाच मिनिटांच्या चालण्यावर चार एक्स्चेंज आहेत, लाज कसली.

आता 'झिरो फी'वाल्यांचं. आधी मी सरसकट म्हणायचो की ती फसवणूक आहे. ते खरं नाही, हे वहीनेच मला शिकवलं. झिरो फीवाला भाव कमी देतो, समजा २२.६०. मग त्याच्याकडे पाचशे पाठवा नाहीतर पाच हजार, भागाकार २२.६० च येणार. फीवाल्याकडे पाचशेला २१.९३ आला होता, म्हणजे लहान रकमेला झिरो फीवालाच स्वस्त. दीड हजारालाही तोच. मात्र वरच्या भावांनी १,९०० दिरहमच्या आसपास दोघांचं सारखं होतं आणि त्यापुढे फीवाला स्वस्त पडायला लागतो. तीन हजाराला २२.६९ विरुद्ध २२.६०, म्हणजे अडीचशे-पावणेतीनशे रुपयांचा फरक. हा काठावरचा आकडा काढायचा असेल तर फीच्या दिरहमना कमी भावाने गुणा आणि दोन भावांमधल्या फरकाने भागा: २१ गुणिले २२.६०, भागिले ०.२५. भाच्याला हे गणित रूमवर वहीच्या मागच्या पानावर करायला लावलं. दहावी नापास आहे, पण पैशाचं गणित बरोबर केलं.

ॲपवर भाव काउंटरपेक्षा बरा असतो असा माझा अनुभव आहे, कारण त्यांना दुकानाचं भाडं नाही. पण पहिल्या वेळचा भाव म्हणजे नव्या जावयाचा पाहुणचार. दुसऱ्या खेपेला ताटात काय पडतं ते बघा. आणि ॲपमध्ये क्रेडिट कार्डाने पैसे भरू नका. बरीच कार्डं त्याला रोख काढल्यासारखं धरतात, मग वेगळी फी आणि त्याच दिवसापासून व्याज. वाचवलेले दहा पैसे कुठल्या कुठे जातात. पगाराच्या खात्यातून भरा.

मोठी रक्कम असेल, समजा जमिनीचे किंवा घराचे, तर काउंटरवर घासाघीस करा. बोर्डावरचा भाव बोर्डासाठी असतो. पाच हजार दिरहमच्या वर असेल तर मी मॅनेजरला विचारतो, तो आत फोन करतो आणि कधी तीन, कधी पाच पैसे वाढवून देतो. पाच हजाराला पाच पैसे म्हणजे अडीचशे रुपये, आणि त्याला कष्ट फक्त विचारण्याचे. नाही म्हणाला तर आपलं काही जात नाही.

भाव वाढायची वाट बघणं

हा आमच्या कॅम्पातला (कामगारांच्या वस्तीतला) राष्ट्रीय खेळ आहे. रुपया घसरला की एक्स्चेंजबाहेर रांगा आणि रूममध्ये सगळे अर्थतज्ज्ञ. "थांब, अजून पडेल." मीही खेळलोय. एकदा सहा हजार दिरहम हातात होते, भाव चढत होता, मी आठ दिवस थांबलो. भाव दहा पैशांनी वाढला. सहाशे रुपये मिळाले म्हणून खूश होतो. मग बायकोचा फोन आला. घराच्या कर्जाचा हप्ता पाच तारखेचा, खात्यात पैसे नाहीत, हप्ता बाउन्स. बँकेने ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ५९० रुपये कापले. आठ दिवस डोळ्यात तेल घालून भाव बघितला आणि कमावले दहा रुपये. वहीत ती ओळ मी लाल पेनाने लिहिली आहे.

मी आलो तेव्हा दिरहमला बारा-सव्वाबारा रुपये होते. २००८ च्या सुरुवातीला तो पावणेअकराच्या आसपास आला होता. लोक म्हणायचे, आता दहावर येणार, गावी जाऊन शेती करू. आज कुठे आहे बघा. वाट बघून श्रीमंत झालेला माणूस मला तरी कॅम्पात भेटला नाही. ज्यांचा हप्ता, फी, किराणा ठरलेला आहे त्यांनी पगाराच्या दुसऱ्या दिवशी पाठवावं आणि विषय सोडावा. वरचे पैसे असतील तर तेवढ्यांचा खेळ खेळा. एकच सांगतो: शनिवार-रविवारी शक्यतो पाठवू नका. चलनाचा मोठा बाजार बंद असतो, सोमवारी भाव कुठे उघडेल माहीत नसतं, म्हणून दुकानदार स्वतःसाठी थोडं जास्त मार्जिन ठेवतात. आपल्याला सुट्टी तेव्हाच असते ही अडचण आहे, म्हणून कामाच्या दिवशीच रूमवरून ॲपने पाठवलेलं बरं.

एकदाच पाठवा, तिकडे वाटा

पूर्वी मी आई, भाऊ आणि बायको अशा तिघांना वेगवेगळं पाठवायचो, शिवाय भिशीचं चौथं. चार फी. आता सगळं बायकोच्या खात्यात एकदम जातं आणि ती तिथून मोबाईलवरून ज्याचं त्याला देते. भारतात यूपीआयने पैसे द्यायला तिला एक पैसा लागत नाही. हे सुरुवातीला घरात थोडं जड गेलं, मी नाही म्हणत नाही. भावाला वाटलं, आता वहिनीकडे हात पसरायचा का. त्यावर उपाय असा की कोणाला किती, याची यादी मी स्वतः घरच्या ग्रुपवर टाकतो. मग बायको फक्त पोस्टमन.

खात्यांचं एवढं लक्षात ठेवा. बायको, आई, वडील यांना घरखर्चासाठी पाठवलेल्या पैशावर त्यांना भारतात इन्कम टॅक्स लागत नाही. स्वतःची बचत करायची असेल तर एनआरई खातं (परदेशातली कमाई भारतात ठेवायचं खातं) काढा, त्याच्या व्याजावर भारतात टॅक्स नाही आणि पैसे परत बाहेर नेता येतात. गावचं जुनं साधं बचत खातं मात्र इथे नोकरीला आल्यावर तसंच चालू ठेवायचं नसतं, ते एनआरओ (परदेशात राहणाऱ्याचं भारतातलं रुपयांचं खातं) करून घ्यावं लागतं. त्याच्या व्याजावर टॅक्स कापला जातो. पोरं हे करत नाहीत, आणि वर्षांनी जमीन घेताना धावपळ होते.

घरी कोणाचं खातंच नसेल तर नावावर रोख पाठवायची सोय आहे. त्यात एका खेपेला जास्तीत जास्त २,५०० डॉलरएवढीच रक्कम जाते, एका माणसाला वर्षात ३० वेळाच मिळते, आणि ५० हजार रुपयांपर्यंतच रोख हातात देतात. अडीनडीला ठीक.

नंबर, नाव आणि तो अकरा अक्षरांचा कोड

सगळ्यात महाग पडलेली खेप भावामुळे नव्हती, माझ्या आळसामुळे होती. आमच्या तालुक्यातल्या शाखेची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. आयएफएससी, म्हणजे शाखेचा कोड, बदलला. बायकोला नवीन पासबुक मिळालं होतं, पण माझ्या एक्स्चेंजच्या यादीत जुनाच कोड. मी नेहमीप्रमाणे "सेम अकाउंट" म्हणालो आणि पैसे भरले. तिसऱ्या दिवशी जमा नाहीत. पाचव्या दिवशी नाहीत. नवव्या दिवशी पैसे परत इथे आले, आणि परत देताना त्यांनी त्या दिवशीचा त्यांचा खरेदीचा भाव लावला, फी परत नाही. पुन्हा पाठवले, पुन्हा फी. सगळं मिळून शंभराच्या वर दिरहम गेले, आणि मुलीची शाळेची फी उशिरा भरली ते वेगळंच.

तेव्हापासून काउंटरवर मी कोड मोठ्याने वाचायला लावतो. अकरा अक्षरं, पहिली चार बँकेची, पाचवा नेहमी शून्य. तो शून्य असतो, इंग्रजी 'ओ' नसतो. खात्याचा नंबर उलटा, शेवटाकडून वाचून तपासतो, कारण सरळ वाचताना डोळा चुकीचा आकडाही ओळखीचा म्हणून सोडून देतो. हे महत्त्वाचं अशासाठी की भारतात पैसे जमा होतात ते नंबरावर. एक आकडा चुकला आणि त्या नंबराचं खातं खरंच असलं, तर पैसे दुसऱ्याच्या घरी.

नवीन खात्यावर पहिल्यांदा पाठवताना मी इथून चाचणी करत नाही, एकवीस दिरहम कशाला घालवा. गावी भावाला सांगतो, त्या नंबरावर आणि त्या कोडवर एक रुपया टाक. पोचला की मग मी पाठवतो. नावाचंही बघा. भाच्याच्या आईचं नाव पासबुकात एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या. पासबुकात जसं आहे तसंच अक्षरन् अक्षर द्यायचं.

पावतीचा लगेच फोटो काढा. ती उन्हाला काळी पडणाऱ्या कागदावर असते. जूनमध्ये पिकअपच्या डॅशबोर्डवर ठेवलेली माझी एक पावती दुपारपर्यंत कोळशासारखी झाली होती. पैसे अडकले तर पावतीवरचा रेफरन्स नंबर लागतो, "भाई, मैं कल आया था" याने काम होत नाही.

थेट बँकेतून, आणि थेट खिशातून

पगाराच्या बँकेतून भारतातल्या बँकेत स्विफ्टने (देशोदेशीच्या बँका एकमेकींना पैशांचे निरोप धाडतात ती सोय) पाठवायचं असेल तर फॉर्मवर विचारतात, खर्च कोणी सोसायचा. मी एकदा न वाचता सही केली. इथल्या बँकेने फी घेतली, मधल्या कुठल्यातरी बँकेने आपला वाटा कापला, आणि दिरहमचे रुपये तिकडच्या बँकेने तिच्या भावाने केले. वर भारतात चलन बदललं म्हणून जीएसटी: एक लाखापर्यंतच्या रकमेला तिच्या १ टक्क्यावर १८ टक्के, कमीत कमी ४५ रुपये. जीएसटी किरकोळ आहे, ३४ हजाराला साठ-एकसष्ट रुपये. खरा फटका मधल्या कापाकापीचा आणि भावाचा. एक्स्चेंजमधून जातात तेव्हा रुपये इथेच ठरतात, म्हणून आपल्या रकमांना तेच बरं. लाखांत पाठवायचे असतील तर बँकेशी भाव ठरवून पाठवता येतं, पण तो वेगळा विषय आहे आणि मी त्यातला नव्हे.

राहिली हुंडी. कोणीतरी रूमवर येतो, भाव चार पैसे जास्त देतो, फी नाही, तासाभरात घरपोच. मी कोणाला पाठ सांगत नाही, फक्त काय झालं ते सांगतो. आमच्या रूममधल्या एकाने असे पैसे पाठवले. तिकडे ते त्याच्या भावाच्या खात्यात कुणा अनोळखी माणसाच्या खात्यातून आले. ते पैसे कुठल्यातरी ऑनलाइन फसवणुकीतले निघाले आणि पोलिसांनी भावाचं खातं गोठवलं. वर्ष उलटलं तरी तो दुसऱ्या जिल्ह्यातल्या सायबर पोलिसांकडे खेटे घालत होता. पैसे कुठून आले हे दाखवायला पावती नाही. बेकायदेशीर आहे ते आहेच. चार पैशांनी दोन हजार दिरहमला ऐंशी रुपये वाचतात.

एवढं असूनही आपला रस्ता जगात स्वस्तांपैकी आहे, हे सांगायला हवं. जागतिक बँक देशोदेशीचा हा खर्च मोजते, त्याची सरासरी शंभराला सहाच्या वर आहे, आणि २०३० पर्यंत तो तीनच्या खाली आणायचं संयुक्त राष्ट्रांनी ठरवलंय. आपण जरा डोकं लावलं तर आजच दोनच्या आत बसतो. कारण सरळ आहे: इथे आपण इतके आहोत की एका रस्त्यावर चार दुकानं आपल्यासाठी भांडतात. मी आलो तेव्हा ड्राफ्ट काढून पाकिटात घालायचो, गावी जाणारा कोणी मिळाला तर त्याच्या हाती, नाहीतर पोस्टाने. आई एसटीने तालुक्याला जाऊन तो बँकेत भरायची आणि वटायला पंधरा-वीस दिवस लागायचे.

आईवरून आठवलं. सगळं बायकोच्या खात्यात जातं असं मी वर लिहिलं, ते अकरा महिन्यांपुरतं खरं आहे. गणपतीच्या महिन्यात आईचे पाच हजार रुपये वेगळे जातात, थेट तिच्या खात्यावर, पूर्ण फी भरून. सुनेने मोबाईलवरून दिलेले तिला चालत नाहीत. पासबुक घेऊन जायचं, मशीनमध्ये छापून आणायचं आणि शेजारणीला दाखवायचं, 'शारजा' अशी अक्षरं त्यात असली पाहिजेत. पाच हजार रुपयांवर एकवीस दिरहम फी म्हणजे जवळजवळ दहा टक्के. भाच्याने परवा वही चाळताना विचारलं, "मामा, ऑगस्टची ही खेप लिहिली नाहीस?"

ती मी लिहीत नाही.